सागरबाई, पंप मी नेला होता

सागरबाई,

तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाला मी लातूरहून आलो होतो. हदगावला एसटीतून उतरलो, तिथून जीपने तुमच्या गावी. विहारासमोर मंडप घातला होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलू लागला. तुमच्या करुणानं माझं नाव घेतलं. आईचे सर आलेत, ते दोन शब्द बोलतील, म्हणाली. मी उठलो. तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झालात, चौतिसाव्या वर्षी आमच्या कृषी विद्यालयात पदविकेला आलात, अठरा वर्षांच्या पोरांमध्ये पहिल्या बाकावर बसलात, चिखलापाण्यातून चालत येऊन एक तास बुडवला नाहीत, असं सगळं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. लोकांनी माना हलवल्या. मी बसलो. आणि जे सांगायला लातूरहून निघालो होतो ते पोटात तसंच घेऊन परत गेलो.

म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही हे वाचणार नाही हे कळतं. तुम्ही वाचू शकत होतात तेव्हा लिहिलं नाही, हेही कळतं.

ज्या पंपानं तुमच्या कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी झाली, तो विद्यालयाचा पंप आदल्या दिवशी माझ्या उसात होता. मी नेला होता. त्यात तणनाशक मी भरलं होतं. तुमचा त्यात काही दोष नव्हता. एवढंच आहे. बारा वर्षं मला हे बोलता आलं नाही.

तुमचा पहिला दिवस मला चांगला आठवतो. तुम्ही दारात उभ्या राहून ‘जय भीम सर’ म्हणालात. पोरांना वाटलं, कुणाची तरी आई डबा घेऊन आली. एकानं विचारलंही, मावशी, कुणाला भेटायचं? तुम्ही म्हणालात, ‘तुमालाच भेटायचं हाय बाबा, दोन वर्षं.’ वर्ग हसला. त्या दिवसापासून तुम्ही सगळ्यांच्या मावशी झालात. मी तुम्हाला सुरुवातीपासून अहो-जाहो करायचो. पोरांना अरे-तुरे आणि तुम्हाला अहो, त्यामुळे वर्गात जरा अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर त्याची सवय झाली.

पदविका कशाला हवी, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही सरळ सांगितलंत. गावात कृषी सेवा केंद्र काढायचं. त्याच्या परवान्याला पुढे शिक्षण लागणार असं तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं. तुमचं म्हणणं असं होतं की दुकानदार औषध देताना जे सांगायचं ते पुरुषाला सांगतो, आणि पुरुष घरी येऊन निम्मं विसरून बाईला सांगतो. निंदणारी बाई, खत टाकणारी बाई, कैक घरांत फवारणारीही बाई. तिला समोर बसवून कुणी सांगत नाही. तुम्हाला ते सांगायचं होतं. मालक नांदेडला वॉचमन होते, तीन एकर तुम्हीच करत होतात. बियाणं ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायचं मी शिकवलं, तर तुम्ही म्हणालात, हे तर आमची सासू करायची, फक्त शंभर दाणे मोजत नव्हती.

आपलं भांडण झालं ते चालीवरून. मला ते आज सगळं मांडायचं आहे, कारण पुढचा सगळा अन्याय त्या भांडणातून उचलून मी तुमच्यावर टाकला.

फवारणीच्या तासाला मी फळ्यावर लिहून दिलं होतं, एकराला इतकं पाणी, पंपाला इतकं औषध. तुम्ही हात वर केलात. ‘सर, हे कोणाच्या चालीनं?’ पोरं हसली. मलाही प्रश्न कळला नाही. तुम्ही टेप मागितली, एका उंच पोराला पाठीवर पंप देऊन चालायला लावलंत, नंतर तोच पंप स्वतःच्या पाठीवर घेतलात. पदर खोचून तुम्ही सरीतून चाललात आणि पंप पोरापेक्षा दीड-दोन ओळी आधी रिकामा झाला. तुम्ही म्हणालात, बाईचं पाऊल आखूड पडतं, साडी पायात येते, ती सावकाश चालते. दांडा मात्र तेवढाच हलतो. म्हणजे तेवढ्याच रानात औषध जास्त पडतं. पुस्तकातलं प्रमाण पुरुषाच्या चालीवर काढलेलं आहे.

मी म्हणालो, पुस्तक आता तुमच्यासाठी बदलायचं का?

‘बदलू नका सर. एक ओळ वाढवा.’

मी तास संपवला. मला राग आला होता. तुम्ही चुकीचं बोललात म्हणून नाही. तीस वर्षं मी तो तास घेत होतो आणि मला ते सुचलं नव्हतं. पुढे दोन-तीन वेळा तुम्ही तो विषय काढलात, मी टोलवला. एकदा वहीत आकडे काढून आणलेत, मी बघतो म्हणालो आणि बघितले नाहीत.

आता तो रविवार. विद्यालयापासून जवळच माझी दोन एकर जमीन होती, तिच्यात ऊस होता. उसात रुंद पानांचं तण माजलं होतं. माणूस ठरवला होता, औषध आणून ठेवलं होतं, आणि माझा पंप गळायला लागला. विद्यालयाचं सामान घरी नेऊ नये अशी नोटीस प्राचार्यांनी महिनाभर आधीच फळ्यावर लावली होती, तिच्यावर वाचल्याची सही मीही केली होती. भांडाराची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी पंप नेला, संध्याकाळी दोनदा साध्या पाण्यानं खळखळून परत ठेवला. साध्या पाण्यानं ते औषध जात नाही. धुण्याच्या सोड्यानं धुवावं लागतं, शक्यतो तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवावा लागतो. हे मी दरवर्षी शिकवायचो. तुमच्या वर्गालाही शिकवलं होतं, दोनदा लिहून घ्यायला लावलं होतं.

सोमवारी फवारणीच्या प्रात्यक्षिकात पाळी तुमची होती. प्रत्येकाला कपाशीचा एकेक गुंठ्याचा तुकडा दिलेला होता, मावा-तुडतुड्यासाठी ज्यानं त्यानं आपला तुकडा फवारायचा. यादीत तुमचं नाव शेवटचं. बाकी सगळ्यांचं आदल्या आठवड्यात झालं होतं. तुम्ही पंपाचं झाकण उघडलंत, नाक जवळ नेलंत आणि थांबलात.

‘सर, या पंपाला वास येऊन राहिला. फिनेलसारखा.’

मी चार पावलांवर उभा होतो. तेव्हाच मला कळलं. कपाशीला त्या औषधाचा अंशही चालत नाही, हे मला कळत होतं. मी दोनदा धुतला आहे, एवढ्यानं काय होतंय, असं मी मनात म्हणालो. पंप बाजूला ठेवा म्हणालो असतो तर तुम्ही कामून म्हणून विचारलं असतं, आणि तुम्ही विचारलं की उत्तर मिळेपर्यंत सोडत नव्हतात. मी म्हणालो, विद्यालयाचा पंप आहे, वास येणारच, भरा.

तुम्ही भरलात. सर सांगतात म्हणून भरलात.

आठव्या दिवशी शेंड्याची नवी पानं निमुळती आली. कपाशीचं पान तळहातासारखं असतं. तुमच्या तुकड्यातली पानं बोटांसारखी लांबलेली, शिरा वर आलेल्या, थेट भेंडीसारखी. दोन्ही बाजूंच्या पोरांच्या तुकड्यांत पानं नीट होती. मी त्या दिवशी सगळे गेल्यावर पंप सोड्यानं धुतला. तीनदा धुतला. चुकीनंतर एवढं एकच काम मी मन लावून केलं.

बाहेरचे परीक्षक यायचे होते. प्राचार्यांनी मला कारण लिहून द्यायला सांगितलं. मी काय लिहिलं ते तुम्हाला पाठ होतं. माझ्याही जिभेवर आहे. ‘विद्यार्थिनीच्या चालीचा वेग कमी असल्याने औषध प्रमाणापेक्षा जास्त पडून पिकास इजा झाली. विद्यार्थिनीचे दुर्लक्ष.’

तुमचंच म्हणणं होतं ते. तुम्ही शोधलेलं, तुम्ही मोजलेलं, मी कधी न बघितलेलं. तुम्हाला खोडून काढता येणार नाही असं एकच कारण मला सापडलं, कारण ते तुमचं होतं.

तुम्ही ते वाचलंत आणि हातातलं पान माझ्यापुढे धरलंत. म्हणालात, ‘सर, जास्त पडलं असतं तर पानं जळली असती. ही जळली न्हाईत. ही लांबली.’

मी म्हणालो, तीस वर्षं शिकवतोय मी.

तुम्ही पान टेबलावर ठेवून गेलात. प्रात्यक्षिकात नापास झालात, वर्ष गेलं.

एक गोष्ट मी कुणाजवळ बोललो नाही, ती इथे लिहितो. तुमच्या जागी त्या वर्गातल्या कुणा मोठ्या जमीनदार घरचा मुलगा असता, तर मी तो शेरा लिहिला असता का? त्याचे वडील दुसऱ्या दिवशी विद्यालयात आले असते. प्राचार्यांनी खुर्ची दिली असती, चौकशी झाली असती, भांडाराच्या किल्ल्या कुणाकडे हे निघालं असतं. तुमच्यासाठी कुणी येणार नव्हतं. मी हा हिशेब बसून केला नव्हता. हात आपोआप तिकडे गेला. मी स्वतःला कधी जात मानणारा समजलो नाही, तुमच्या घरचा चहा प्यायलो, जेवलो. पण संकट आलं तेव्हा ते कुणावर ढकलायचं हे माझ्या हाताला बरोबर ठाऊक होतं.

गावात गोष्ट तुमच्या आधी पोचली. वर्गातलं एक पोरगं तुमच्या शेजारच्या गावचं होतं. त्यानं कुठेतरी हसत सांगितलं, मावशीनं कपाशीला भेंड्या आणल्या. झालं. तुम्ही भेंडीवाली झालात. तुम्हीच मला सांगितलंत, तेही हसत. जीपवाला म्हणून राहिला, भेंडीवाल्या बाईला जागा द्या रे. मी पण हसलो, सागरबाई. काय करावं ते न सुचून हसलो.

पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा बसलात, पास झालात, चांगल्या पास झालात. परवाना मिळाला, दुकान काढलंत. दोन वर्षं चालवलंत. लोक मीठ-साखर घेतल्यासारखं खताचं पोतं घ्यायचे, पण कुठल्या किडीला काय, किती, असं विचारायला तालुक्याला जायचे. जे सांगण्यासाठी तुम्ही दुकान काढलं होतं ते ऐकायला कुणी येत नव्हतं. शेवटी बंद केलंत आणि हदगावला दुसऱ्याच्या दुकानात बियाण्याच्या पिशव्या देण्याघेण्याचं काम धरलंत. मला कळवलंत तेव्हा म्हणालात, आपलंच नशीब सर.

पण दुकानाच्या आधीची एक गोष्ट राहिली. ती सगळ्यात जड आहे, म्हणून मी तिच्याभोवती फिरतो आहे.

तुम्ही दुसऱ्यांदा परीक्षेला बसलात त्याच खरिपातली गोष्ट. मी शिक्षकांच्या खोलीत होतो. तुम्ही पिशवीतून कागदात गुंडाळलेली पानं काढलीत. घरी चार कुंड्यांत कपाशी लावली होती. एकीला औषध दुप्पट दिलं होतं, एकीला तिप्पट, एकीला नुसतं पाणी. चौथीला मोहरीच्या दाण्याएवढं तणनाशक टाकलेलं पाणी. दुप्पट-तिप्पटवाल्यांची पानं कडेनं करपली होती. चौथीची पानं भेंडीसारखी. तुम्ही ती टेबलावर ओळीनं मांडलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘पंपात तणनाशक व्हतं सर. कोणीतरी पंप नेला व्हता.’

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही मला सगळं हातात आणून दिलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. माझी दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला.

मी म्हणालो, विद्यालयानं हे औषध कधी घेतलेलंच नाही. भांडाराचं रजिस्टर बघा.

हे खरं होतं. विद्यालयानं ते कधीच घेतलं नव्हतं. ते मी घेतलं होतं, माझ्या उसासाठी. तुम्ही खरोखर जाऊन रजिस्टर पाहिलंत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. परत आलात, पानं गोळा केलीत.

‘मग माझ्याच हातानं काही झालं असंल. सर, मी मनातल्या मनात तुमच्यावर शंका घेतली व्हती. माफ करा.’

मी म्हणालो, असू द्या.

खोटं बोललेल्याला लोक माफ करत असतील. पण जिच्यावर अन्याय केला तिची माफी ऐकून घेऊन वर तिला असू द्या म्हणणारा माणूस मी आहे. या दोन शब्दांपुढे तो पंपही मला लहान वाटतो, तो शेराही.

त्यानंतर सुटायची वाट प्रत्येक वर्षी अरुंद होत गेली. मी निवृत्त झालो, ऊस मोडला, जमीन विकली, मुलाकडे लातूरला राहायला आलो. वाटलं, आता अंतर पडलं. तर तुम्ही करुणाला कृषी पदवीसाठी लातूरलाच पाठवलंत आणि फोन केलात, सर तिथे हायत म्हणून भीती न्हाई. पोरगी दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. माझ्या बायकोनं तिला लेकीसारखं धरलं. तुम्ही संक्रांतीच्या सुमारास घरची तूरडाळ पाठवायचात, जात्यावर भरडलेली. मी ती खायचो. चार वर्षं खाल्ली. करुणा ताटावर बसून सांगायची, आई म्हणते सरांनी नापास केलं नसतं तर मी एवढी पक्की झाले नसते. घास गिळून मी म्हणायचो, तुझी आई हुशारच आहे.

आता सांगितलं तर पोरीचं इथलं घर तुटेल, असं मी स्वतःला समजावलं. त्याआधी नोकरीचं कारण होतं, त्यानंतर तुमच्या दुखण्याचं झालं. माझ्याकडे कारण नाही असं एकही वर्ष गेलं नाही.

नांदेडच्या दवाखान्यात मी तुम्हाला भेटलो तेव्हा दुपार होती. करुणा औषधं आणायला खाली गेली होती. तुमचा आवाज बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तुम्ही म्हणालात, ‘सर, एक विचारू? ती चालीची गोष्ट. बाईच्या चालीनं खरंच जास्त पडतं का हो? का मी उगंच डोक्यात घेतलं?’

बारा वर्षांनी, हाताला सलाइन लावलेलं असताना, तुम्ही हे विचारलंत. तुमचा शोध मी तुमच्याच विरुद्ध वापरला, तेव्हापासून तुम्ही तो कुणापुढे काढला नव्हतात. आणि मी काय म्हणालो? आधी बऱ्या व्हा, मग आपण रानात जाऊन मोजू.

जास्त पडतं, सागरबाई. तुमचं बरोबर होतं. मी निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम मोजून पाहिलं होतं. फक्त त्यानं पान भेंडीसारखं होत नाही.

हे इथवर लिहून मी कागद घडी करून ठेवले होते. तुमच्या आठवणींची स्मरणिका गावात काढतायत, तिच्यासाठी द्यायचे, असा विचार होता. पण छापून येण्याआधी करुणाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आठ दिवसांनी पुन्हा तुमच्या घरी गेलो. ती ओसरीवर तुमच्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पंप, ऊस, वास, शेरा, कुंड्या, रजिस्टर, सगळं. ती घड्या घालायची थांबली नाही. संपल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो शेतीच्या विद्यार्थिनीचा. पानं कितव्या दिवशी बदलली? मी म्हणालो, आठव्या. ती म्हणाली, आईनं पण आठच सांगितले होते.

मग विचारलं, ‘तिला कामून न्हाई सांगितलं?’

मी म्हणालो, भीतीनं. कशाची, म्हणाली. आधी नोकरीची, म्हणालो, नोकरी संपल्यावर तुमची. तुम्ही दोघी मला जेवढं मानत होतात, ते जाईल याची.

तिनं हातातली साडी खाली ठेवली. मला सांगितलं की त्या दुसऱ्या परीक्षेनंतर तुम्ही पाठीवर पंप कधी घेतला नाहीत. घरच्या रानातसुद्धा मजूर लावायचात. एकदा मजूर आला नाही म्हणून करुणानं पंप भरून दिला, तर तुम्ही झाकण उघडून तीनदा वास घेतलात आणि भरलेला पंप तसाच बांधावर ठेवलात. हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुमचं एक वर्ष आणि एक दुकान, एवढंच घेतलं.

मी कागद पुढे केले. म्हणालो, हे छापून येईल, सगळ्यांना कळेल.

‘कागद कोण वाचून राहिलं इथं, सर? मला एकटीला सांगून हलके नका होऊ. लोक तिला तोंडानं भेंडीवाली म्हणले. तुमी पण तोंडानंच सांगा.’

रविवारी विहारात वंदनेला लोक जमतात. त्या दिवशी करुणानं दुसऱ्या आळीतल्यांनाही निरोप दिला होता. काही आले, काही बाहेर झाडाखाली उभे राहिले. मी कागद आणले होते पण वाचले नाहीत. सरळ सांगितलं. सागरबाईंच्या कपाशीचं नुकसान त्यांच्या हातून झालं नाही, माझ्या हातून झालं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कसं झालं तेही सांगितलं, कोणतं औषध, कोणता दिवस. बोलताना माझा आवाज फाटला नाही याचीच मला लाज वाटली. शिकवण्याची सवय, दुसरं काय. शेवटी त्यांचं ते चालीचं म्हणणंही सांगितलं, आणि ते खरं आहे हेही.

मागून एक म्हातारे म्हणाले, आता बाई गेली, आता कशाला सर.

मग बायकांच्या बाजूनं एक जण उठल्या. कमलबाई म्हणून, तुमच्या रानाला लागून त्यांचं रान आहे. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तुमच्या फोटोकडे बघून बोलत होत्या.

‘मागल्या साली आमच्या कपाशीची पानं अशीच झाल्ती. सागरबाई बांधावर आली. म्हणली, कमल, पंपात तणनाशक राहिलंय, सोड्यानं धू, तोवर दुसऱ्या तुकड्यात घालू नको. आमचे मालक हसले. म्हणले, भेंडीवाली शिकवून राहिली आपल्याला. दुसऱ्या रोजी त्याच पंपानं राहिलेलं दीड एकर फवारलं.’ त्या थांबल्या. ‘तिला समदं ठाऊक व्हतं. आमीच ऐकलं न्हाई.’

म्हणजे रजिस्टर बघून परत आलात त्या दिवशीही तुम्हाला माझं उत्तर पटलं नव्हतं. तुम्ही माझ्यापुढे माफी मागितलीत आणि तुमचं उत्तर स्वतःजवळ ठेवलंत. पंप कुणी नेला हेही तुम्हाला कळलं होतं का, हे आता मला कोण सांगणार?

कमलबाई खाली बसल्या. बाकी सगळे बसलेलेच होते. मी उभा होतो. मला कुणी बसा म्हणालं नाही, आणि मी बसलो नाही.